हात लावला की बरी होणारी गाडी

आमच्या दहाचाकी ट्रकला पावसाळ्यात एक खोड लागली. चालता चालता मीटरचे सगळे काटे धपकन शून्यावर यायचे, बझर वाजायचा, चेक लाईट पेटायचा, इंजिन क्षणभर पॉवर सोडायचं आणि पुढचं वळण संपेपर्यंत सगळं पुन्हा जागच्या जागी. अधूनमधून दुसराच प्रकार. चावी फिरवली तर सेल्फ गप्प. टकसुद्धा नाही. पाच-दहा मिनिटांनी पुन्हा चावी मारावी तर पहिल्या झटक्यात सुरू.

पिंपळगाव बसवंतहून टोमॅटो नाहीतर कांदा भरायचा आणि रातोरात वाशी मार्केट गाठायचं, हे आमचं काम. पहाटेच्या बाजाराला गाडी लागली नाही तर टोमॅटोचा भाव आपल्यासाठी थांबून राहत नाही. अशा धंद्यात ठार बंद पडलेली गाडी परवडली. ती टो करून नेता येते, मेकॅनिक बसून बघतो, बिघाड समोर असतो. पण कधी होतं आणि कधी होत नाही असं दुखणं गॅरेजच्या दारात गाडी उभी केली की हमखास दिसत नाही.

मी गाडी हातात घेण्याआधी ती दोन-तीन ठिकाणी फिरून आली होती. एका ठिकाणी दोन्ही बॅटऱ्या बदलल्या. एका ठिकाणी सेल्फचा रिले, म्हणजे चावीच्या छोट्या करंटवर मोठी लाईन जोडणारा स्विच. तिसऱ्या ठिकाणी स्कॅनर लावला, त्यावर नॉक्स सेन्सरचे (धुरातले नायट्रोजनचे ऑक्साईड मोजणारा सेन्सर) कोड आले, म्हणून मागचा नॉक्स सेन्सर नवीन टाकला आणि पाच आकडी बिल हातात ठेवलं. दर वेळी गाडी 'ओके' होऊन बाहेर पडली, दोन-चार फेऱ्या नीट झाल्या आणि मग कसारा घाटात पुन्हा तेच.

यात त्या मेकॅनिक लोकांची फसवणूक होती असं मला वाटत नाही. प्रत्येक जण काम सुरू करताना आधी केबिन पुढे झुकवायचा, वायरी जोडणारे दोन-चार कपलर काढून बसवायचा, एखादी वायर हलवायचा, एखादा भाग बदलायचा आणि केबिन खाली घ्यायचा. या सगळ्यात जो सैल जोड होता तो आपोआप तात्पुरता बसून जायचा. गाडी चालायला लागली की श्रेय शेवटी बदललेल्या भागाला. अशा बिघाडात 'बदललं आणि बरं झालं' हा पुरावाच धरता येत नाही, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं. आधी बिघाड आपल्या मर्जीने घडवून दाखवायचा, मग तो आपल्या मर्जीने थांबवून दाखवायचा. तोवर पान्याला हात लावायचा नाही.

मी आयटीआयचा वायरमन. काही वर्षं सातपूरला कंपनीत मेंटेनन्सला होतो, आता दोन गाड्या आहेत. त्यामुळे मीटर कसा धरायचा ते माहीत होतं. ट्रकची चोवीस व्होल्टची वायरिंग मात्र फॅक्टरीतल्या पॅनलसारखी एका जागी उभी नसते. ती धडधडते, तापते, भिजते, चिखल खाते.

पहिलं काम केलं ते वहीचं. आमच्या ड्रायव्हरमामांना एक छोटी वही दिली आणि सांगितलं, "मामा, काय बिघडलं ते लिहू नका. तेव्हा काय काय चालू होतं ते लिहा." रात्र की दिवस, पाऊस की कोरडं, भरलेली की रिकामी, वळण डावं की उजवं, ब्रेक दाबला होता का, वायपर, ब्लोअर, हेडलाईट यातलं काय चालू होतं. मामा कुरकुरले. "शेठ, घाटात गाडी सांभाळू का वही?" पण लिहिलं. वाशीत गाडी खाली होत असताना आठवून आठवून लिहायचे, बॉलपेनने, अर्धं हिंदी अर्धं मराठी.

त्या वहीतून जे निघालं ते कुठल्या स्कॅनरने सांगितलं नसतं. काटे पडण्याचा प्रकार जवळजवळ सगळाच रात्रीचा आणि पावसातला. म्हणजे हेडलाईट चालू, वायपर चालू, काचेवरचं धुकं जावं म्हणून ब्लोअर जोरात. दुपारी कोरड्या रस्त्याने रिकामी परत येताना एकदाही नाही. आणि सेल्फ गप्प राहण्याचा पावसाशी काही संबंध दिसेना. तो कधीही व्हायचा, पण केबिन झुकवून खाली घेतल्यानंतर लगेच कधीच नाही. याचा अर्थ दुखणी दोन होती आणि सगळे त्यांना एक समजून चालले होते.

वहीत एक ओळ अशी होती: 'सेल्फ नही लगा तो दरवाजा जोरसे मारा, लग गया.' मी विचारलं तर मामा जरा ओशाळले. म्हणाले, "हसाल म्हणून सांगत नव्हतो. खाली उतरायचं, दार दणकन आपटायचं, परत चढायचं. दहातून आठ वेळा लागते." गॅरेजवाल्यांना त्यांनी हे सांगितलं होतं आणि ते खरंच हसले होते. मला मात्र त्या दाराच्या आपटण्यात अर्धी शोधमोहीम संपलेली दिसली. दार आपटल्याने बॅटरीला, सेल्फला, मागच्या सेन्सरला काही होत नाही. हलते ती केबिन.

आता कोडचं. गाडी बीएस-६, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमांची आहे. १ एप्रिल २०२० पासून या गाड्या आल्या आणि वायरिंग पाहणाऱ्या जुन्या लोकांची झोप उडाली, कारण इंजिनचा ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर), डॅशबोर्डचा मीटर, धूर स्वच्छ करणारी युरियाची यंत्रणा, नॉक्स सेन्सर हे सगळे दोन वायरींच्या एकाच कॅन लाईनवर आपसात बोलतात. आमच्या गाडीत साठवलेले कोड होते ते असे (पहिला आकडा कशाबद्दल ते सांगतो, एफएमआयचा आकडा बिघाडाचा प्रकार): १६८ एफएमआय ४, म्हणजे बॅटरीचा व्होल्टेज कमी, ६३९ एफएमआय ९, म्हणजे कॅन लाईनवरचंच बोलणं विस्कळीत, आणि ३२१६ नि ३२२६, दोन्हींना एफएमआय ९. हे शेवटचे दोन म्हणजे युरिया यंत्रणेच्या अलीकडचा आणि पलीकडचा नॉक्स सेन्सर. पण एफएमआय ९ याचा अर्थ सेन्सर खराब झाला असा नाही. त्याच्याकडून निरोप वेळेवर आला नाही, एवढाच. दोन वेगवेगळ्या जागचे दोन सेन्सर एकाच क्षणी मुके होतात, त्याच क्षणी ईसीयूला व्होल्टेज कमी दिसतो आणि मीटरही झोपतो, म्हटल्यावर सेन्सर बदलणं म्हणजे चोरीची खबर द्यायला आलेल्यालाच आत टाकण्यासारखं झालं. चौघांचं मिळून काय सामाईक आहे ते शोधायचं. सामाईक तीनच गोष्टी: सप्लाय, अर्थ (करंट परत बॅटरीकडे नेणारी जोडणी) आणि ती कॅनची जोडी.

कॅनची जोडी आधी बाजूला केली, कारण ती तपासायला सगळ्यात सोपी. बॅटरीची वायर काढून ठेवायची आणि स्कॅनर लावायच्या नऊ पिनांच्या गोल कपलरवर सी आणि डी या दोन पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजायचा. लाईनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, दोन्ही समांतर, म्हणून मीटरवर ६० च्या आसपास यायला हवं. १२० आले तर एक टोक तुटलंय, ४० आले तर कोणीतरी जादा काहीतरी जोडलंय. आमचे ६० आले. मुलाला हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, हलवायला सांगितलं, तरी ६०. ट्रान्सपोर्टवाल्यांनी बसवलेला जीपीएस काढला, लावला, फरक नाही. लाईन शाबूत.

मग बॅटऱ्या. नव्याच होत्या, तरी मोजल्या. आणि इथे एक गंमत सापडली, जिचा मूळ दुखण्याशी संबंध नव्हता पण लिहून ठेवतो, कारण आपल्याकडे दर दुसऱ्या ट्रकमध्ये ती असते. बारा-बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून चोवीस होतात. रात्रभर उभ्या गाडीत दोन्हींवर सारखे १२.६ च्या आसपास दिसायला हवेत. आमच्या एकीवर १२.७ आणि दुसरीवर १२.२. बेरीज बरोबर दिसते, म्हणून कोणी बघत नाही. कारण काय, तर टेप आणि मोबाईल चार्जरसाठी कोणीतरी एकाच बॅटरीवरून बारा व्होल्टची लाईन उचलली होती. मग ती एक बॅटरी कायम उपाशी आणि दुसरी जास्त चार्ज होऊन पाणी उडवणारी. नव्या कोऱ्या बॅटऱ्यांचं अशाने वर्षभरात मातेरं होतं. चोवीसचे बारा करणारा कन्व्हर्टर बसवला आणि ती लाईन तोडली. मामांची गाणी चालूच राहिली.

सेल्फ मारताना दोन्ही मिळून व्होल्टेज एकोणीसच्या खाली जाऊ नये, तो २१ च्या वर राहत होता. गाडी चालू असताना अल्टरनेटर २८ देत होता. म्हणजे सप्लायचा उगम ठीक.

उरला अर्थ. ट्रकची केबिन रबरी बुशांवर आणि स्प्रिंगांवर बसलेली असते, चासीला तिचा लोखंडाला लोखंड असा खात्रीचा स्पर्श नसतो. म्हणून केबिनपासून चासीपर्यंत एक जाड विणीची पट्टी असते. केबिनमधले मीटर, वायपर, ब्लोअर, हेडलाईट या सगळ्यांचा परतीचा करंट त्या एका पट्टीतून बॅटरीकडे जातो. ती पट्टी बघितली तर दिसायला झकास. घट्ट बोल्ट, नवा रंग, कुठे तुटलेली नाही. ओहमवर मीटर लावला तर शून्य. जो कोणी बघेल तो म्हणेल अर्थ ओके आहे.

पण जोड चांगला आहे की वाईट हे रिकाम्या वायरीवर मोजून कळत नाही. दोरे तुटून एकच शिल्लक असला तरी मीटर शून्य ओहम दाखवतो आणि पूर्ण चोवीस व्होल्टही दाखवतो, कारण मीटरला करंट लागतोच किती? जोडाची परीक्षा घ्यायची तर त्यातून खरा करंट वाहत असताना घ्यायची. यालाच व्होल्टेज ड्रॉप काढणं म्हणतात आणि माझ्या मते ट्रकच्या वायरिंगमध्ये ही एकच चाचणी नीट येत असली तरी निम्मी कामं होतात.

त्यासाठी एक लांब वायर घेतली. मीटरचं काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, वायरीवर किंवा तिच्या टोकाच्या थिंबलवर नाही, खुद्द शिशाच्या खांबावर. लाल टोक केबिनमध्ये दाराच्या बिजागरीच्या बोल्टवर, रंग खरवडून. मीटर डीसी व्होल्टवर. चावी बंद: ०.०. मग इंजिन चालू करून हेडलाईट, वायपर, ब्लोअर सगळं एकदम चालू केलं. काच कोरडी म्हणून त्यावर पाणी मारत राहायला क्लीनर पोराला बसवला. ०.६ व्होल्ट. चांगल्या जोडावर पॉइंट एक, फार तर पॉइंट दोन यायला हवा. मग मी आणि मामा दोघांनी पायरीवर उभं राहून केबिन डावी-उजवी हलवायला सुरुवात केली. आकडा ०.६ वरून दीड, मागे पॉइंट आठ, मग एकदम तीनच्या पुढे, आणि त्याच क्षणी डॅशबोर्डवरच्या मीटरचे काटे पडले. अंगणात, कोरड्यात, उभ्या गाडीत. क्लीनर आतून ओरडला, "शेठ, गेलं गेलं!"

इतका आनंद गाडी बिघडल्याचा मला कधी झाला नव्हता.

डिजिटल मीटरचं एक सांगतो. त्याचा आकडा सेकंदात दोन-चार वेळाच बदलतो, त्यामुळे निमिषभराचा झटका त्याला दिसतच नाही. मिन-मॅक्सचं बटण असलेला मीटर असेल तर तो सर्वात मोठा आकडा धरून ठेवतो, ते बरं. माझ्याकडे आयटीआयच्या काळातला काट्याचा मीटर आहे. अचूकपणात तो मार खाईल, पण जोड सुटला की काटा थरथरताना डोळ्याला दिसतो. त्या दिवशी दोन्ही लावले होते आणि झटका आधी काट्याने दाखवला.

आता पावसातच का, याचाही उलगडा झाला. वायपर, ब्लोअर आणि हेडलाईट मिळून पंधरा-वीस अँपिअर सहज ओढतात. जोडाचा रेझिस्टन्स एक दशांश ओहम जरी झाला तरी वीस अँपिअरला दोन व्होल्ट तिथेच खाल्ले जातात. म्हणजे केबिनची जमीन (अर्थची शून्य व्होल्टची पातळी) बॅटरीच्या जमिनीपेक्षा दोन व्होल्ट वर उचलली जाते. इंजिनच्या ईसीयूचा अर्थ थेट बॅटरीवर, डॅशबोर्डच्या मीटरचा अर्थ केबिनवर, आणि दोघं एकाच कॅन लाईनवर. जमिनीतला असा फरक सोसण्याची कॅनला मर्यादा आहे, मानकाप्रमाणे खालच्या बाजूला दोन व्होल्टपर्यंतची. त्यापुढे कोण काय बोलतंय ते कोणालाच कळत नाही. एका केबिनच्या गोंधळाने लाईनवरचे सगळेच निरोप अडतात आणि मग मागे सायलेन्सरजवळ बसलेल्या, ज्याचा काही दोष नाही अशा सेन्सरच्या नावाने कोड पडतो. दुपारी कोरड्यात केबिनमध्ये चार-पाच अँपिअरच चालू असतात, तेव्हा तोच जोड निभावून नेतो.

इथे बोल्ट उघडायला हात शिवशिवत होते. नाही उघडला. बोल्ट उघडला, घासला, लावला आणि बरं वाटलं, तर मी आधीच्या तिघांसारखाच. त्याऐवजी जंप स्टार्टची जाड केबल घेतली, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं केबिनच्या उघड्या लोखंडाला, जुन्या पट्टीला समांतर. पुन्हा सगळं चालू करून केबिन हलवली. ०.०८ वर आकडा ठाम. केबल काढली, पुन्हा उड्या. लावली, शांत. मग ती केबल झिप टायने नीट बांधून गाडी तशीच वाशीला पाठवली, जास्तीत जास्त पावसात. मामांच्या वहीत काटे पडल्याची नोंद आली नाही. सेल्फ गप्प राहिल्याची मात्र आली, म्हणजे दोन दुखणी वेगळी हे पक्कं झालं.

मग उघडला बोल्ट. थिंबलखाली छान गुळगुळीत, जाड, कंपनीच्या रंगाला शोभेल असा रंगाचा थर. या खोडीच्या आधी केबिनचा एक कोपरा ठोकला गेला होता आणि डेंटिंग-पेंटिंगसाठी केबिन उतरवून दुसरीकडे दिली होती. रंगवणाऱ्यांनी केबिन आतून-बाहेरून मन लावून रंगवली आणि अर्थची पट्टी रंगावरच कसली. बोल्टच्या आट्यांमधून जेवढा स्पर्श होत होता तेवढ्यावर गाडी चालली होती. पाणी शिरलं, आट्या गंजल्या, स्पर्श कमी झाला. रंग घासून पांढरं लोखंड काढलं, दातेरी वॉशर टाकला, बोल्ट कसला आणि मग वरून पेट्रोलियम जेली चोपडली. जेली कसल्यानंतर, आधी नाही. पुन्हा मोजलं: सगळं चालू असताना ०.०६.

सेल्फच्या बाबतीत मामांचं दार आणि 'टकसुद्धा नाही' हे शब्द एवढंच हातात होतं, पण ते पुरेसं होतं. सेल्फचा जाड केबल किंवा सोलेनॉइड खराब असता तर चासीवरचा रिले तरी टक वाजला असता. रिलेच वाजत नाही म्हणजे चावीकडून त्याला हुकूमच पोचत नाही. हा हुकूम केबिनमधून चासीवर उतरतो, आणि वाटेत हार्नेस केबिनच्या बिजागरीजवळ वळण घेतो. केबिन जितक्यांदा उचलली, जितक्यांदा खड्ड्यात नाचली, तितक्यांदा ते वळण वाकलेलं. कुठल्याही केबिन झुकणाऱ्या गाडीत माझी पहिली नजर आता तिथेच जाते.

रिले काढून ठेवला. त्याच्या बैठकीत ८५ आणि ८६ कॉइलच्या, ३० आणि ८७ जाड लाईनच्या. आमच्या गाडीत चावीची लाईन ८६ वर येते आणि ८५ ची बाजू ईसीयू अर्थला जोडतो. ८६ वर नुसता मीटर लावला तर चोवीस दिसणारच होते, म्हणून ब्रेक लाईटचा २१ वॅटचा चोवीस व्होल्टचा बल्ब ८६ आणि चासीच्या मध्ये लावला. असा बल्ब जवळपास एक अँपिअर ओढतो, मेलेल्या वायरीचं सोंग तिथे टिकत नाही. एक मात्र सांगून ठेवतो: हा बल्ब ईसीयूने सोडलेल्या वायरीला किंवा सेन्सरच्या पाच व्होल्टच्या वायरीला चुकूनही लावायचा नाही. ईसीयूचा आतला ड्रायव्हर जळाला तर बल्ब स्वस्त नव्हता असं म्हणावं लागतं.

क्लीनरने चावी सेल्फवर धरली. बल्ब लख्ख. मामांना म्हटलं, "मामा, दार मारा." मामांनी आपटलं. बल्ब मिणमिणला, विझला, पेटला. मामांच्या चेहऱ्यावर जो भाव आला तो गॅरेजवाल्यांनी बघायला हवा होता.

मग हार्नेस वीत-वीतभर धरून हलवत खाली आलो. बिजागरीच्या मागे, क्लॅम्पपाशी पोचलो तसा बल्ब गेला. तिथे हार्नेस एका जाड झिप टायने करकचून आवळलेला होता, ढील अजिबात नाही. केबिन परत बसवताना कोणीतरी उरकून टाकलेलं काम. कंपनीच्या फिटिंगमध्ये तिथे एक झोल सोडलेला असतो, तो मुद्दाम असतो. टाय कापून नळी उघडली. आतल्या वायरी दिसायला सगळ्या ठणठणीत. एकेक वायर दोन बोटांत धरून हलकेच ओढली. चांगली वायर ओढली तर तशीच राहते. एक मात्र ताणली, मधे बारीक झाली. आतलं तांबं तुटलेलं, वरचं प्लास्टिकच काय ते सलग. सोलून पाहिलं तर हिरवट काळी भुकटी आणि दोन-तीन दोरे एकमेकांना टेकलेले. केबिन उचलली की टेकायचे, दार आपटलं की टेकायचे, उतारावर नाक खाली करून गाडी उभी केली की सुटायचे.

दुरुस्तीचंही थोडं सांगायला हवं, कारण इथेच पुढच्या बिघाडाचं बी पेरलं जातं. वायर पिळून वर काळी टेप गुंडाळायची ही आपल्याकडची सार्वत्रिक पद्धत. टेप उन्हाने सुटते, पावसाने पाणी पिते. नुसता डाग (सोल्डर) दिला तर डागाच्या कडेला वायर ताठ होते आणि वाकणाऱ्या जागी तिथेच तुटते. मी वळणाचा सगळा तुकडाच काढून टाकला, त्याच जाडीची बारीक दोऱ्यांची नवी वायर घातली आणि जोड वळणापासून दूर, दोन्ही बाजूंना सरळ भागात घेतले. क्रिंप करून, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी. हार्नेसला पुन्हा झोल दिला, केबिन पूर्ण झुकवून आणि पूर्ण खाली घेऊन तो कुठे ताणत नाही ना, कुठे घासत नाही ना, ते पाहिलं. शेजारच्या वायरीही ओढून पाहिल्या. एक किंचित संशयी वाटली, तीही बदलली.

हार्नेस उघडला तेव्हा आधीच्या तपासणीच्या खुणाही दिसल्या. टेस्टरची सुई वायरीत भोसकून 'लाईन येते का' बघायची सवय इतकी मुरलेली आहे की एका वायरीवर चाळणी झालेली. प्रत्येक भोकातून पाणी आत जातं आणि तांब्याच्या दोऱ्यांतून केशाकर्षणाने वीतभर सरकतं. वर्षभराने बिघाड भलतीकडेच निघतो. त्यापेक्षा कपलरच्या मागच्या बाजूने, वायरीच्या कडेने बारीक टाचणी सरकवून मोजावं. सगळी भोकं पडलेला तो तुकडा मी बदललेल्या भागातच गेला हे नशीब.

सर्व्हिसिंग सेंटरवर प्रेशरने धुताना केबिनखालच्या कपलरवर थेट पाणी मारू नका, एवढं मामांना सांगून ठेवलंय. ते ऐकतात की नाही देव जाणे, कारण गाडी चकाचक दिसण्यावर त्यांचा भारी जीव.

खर्च म्हणाल तर वायर, थिंबल, वॉशर, नळी आणि कन्व्हर्टर मिळून जो झाला त्यात कन्व्हर्टरच सगळ्यात महाग. रंग आणि टाय, दोन्ही एकाच ठिकाणचे. त्या पेंटिंगवाल्यांकडे जाऊन भांडलो नाही. जाऊन सांगितलं मात्र, आणि पुढच्या वेळी अर्थचे बोल्ट मास्किंग टेप लावून झाका म्हणालो. त्यांना बोल्ट कुठे असतात तेच माहीत नव्हतं. मोबाईलवर फोटो काढून दिला.

काढून टाकलेला मागचा नॉक्स सेन्सर मी गॅरेजमधून मागून आणला होता. आमची दुसरी गाडी त्याच मॉडेलची आहे. दिवाळीनंतर तिचा सेन्सर खरोखर गेला, फक्त ३२२६, एकटा, कायमचा चालू कोड, वायरी तपासून सप्लाय आणि अर्थ पूर्ण. तेव्हा हा 'खराब' सेन्सर तिला बसवला. अजून त्याच्यावर चाललीय.